बटण कोण दाबतं

मावशी स्वतःच बटण दाबत होत्या, आणि हेच मला कळेना. हॉस्पिटलच्या त्या मजल्यावर लेडीज टॉयलेटमधून बाहेर पडताना दाराशेजारी भिंतीवर एक पांढरी डबी लावलेली आहे, तळहाताएवढी, वायर वगैरे काही नाही, चार बटणं आणि प्रत्येकाशेजारी एक चित्र: टिश्यूचा रोल, साबणाचा थेंब, ओली फरशी आणि तुंबलेलं कमोड. आत काही संपलं असेल, घाण असेल तर बाहेर पडताना त्या चित्राचं बटण दाबायचं, हाऊसकीपिंगकडे वायरलेसने निरोप जातो आणि कुणीतरी येतं. म्हणजे बटण आपल्यासाठी आणि येणारं माणूस त्यांचं. आणि इथे ज्यांनी यायचं त्याच, एका हातात मॉप, गळ्यात आयकार्ड, रबरी हातमोजा अंगठ्यापाशी फाटलेला, टिश्यूच्या चित्राचं बटण नीट जोर देऊन दाबत होत्या. बारका हिरवा दिवा लुकलुकला तोपर्यंत थांबल्या, मग बादली उचलली आणि पुढच्या टॉयलेटकडे गेल्या. मला आईच्या खोलीत परत जायचं होतं, नर्स कधीही बोलावणार होती, त्यामुळे विचारायला थांबता आलं नाही. पण खोलीत बसल्यावर सलाईनचे थेंब बघता बघता डोक्यात तेच घोळत राहिलं की आपल्याच कामाची तक्रार कुणी स्वतः का करेल.

हॉस्पिटलात रात्र काढली की टॉयलेट ही किती मोठी गोष्ट आहे ते कळतं. दिवसा लक्षात येत नाही. रात्री दीडला झोपमोड झालेल्या अवस्थेत, चपला ओल्या फरशीवर चिकटतायत, नळाखाली साबणाच्या डिस्पेन्सरने नुसती फुसकन हवा सोडलीय, आणि तुमच्या मागे एक म्हाताऱ्या बाई भिंतीला धरून उभ्या आहेत ज्यांना तुमच्यापेक्षा जास्त घाई आहे. अशा वेळी आपण काय करतो? काहीच नाही. हात नुसत्या पाण्याखाली धरतो, ओढणीला पुसतो, निघून येतो. सांगायचं कुणाला? रिसेप्शनवर जाऊन चारचौघांत "टॉयलेट तुंबलंय" म्हणायला जीभ उचलत नाही, आणि उचलली तरी ते म्हणणार हाऊसकीपिंगला सांगा, आणि हाऊसकीपिंग कुठे बसतं हे कुणालाच माहीत नसतं. शाळेत असताना आम्ही मुली दिवसभर पाणी कमी प्यायचो, का ते कुणी मोठ्याने बोलायचं नाही, सगळ्यांना माहीत होतं. तिथला तो वास, दाराची तुटलेली कडी, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरून ठेवायचं. इतक्या वर्षांत एकीनेही बाईंना सांगितलं नाही. आम्ही काही सोसणाऱ्या होतो म्हणून नाही, हा विषय तोंडावर आणायचाच नसतो असं आत कुठेतरी बसलेलं होतं. म्हणून मला ती पांढरी डबी पहिल्यांदा दिसली तेव्हा मनापासून आवडली होती. तिच्याशी बोलावं लागत नाही, नाव सांगावं लागत नाही, लाजावं लागत नाही.

याआधी सगळीकडे असायचा (आणि बऱ्याच ठिकाणी अजून आहे) तो दारामागचा कागद. प्लास्टिकच्या पाकिटात, तासातासाचे रकाने, शेजारी सही. तुम्हीही कधी उभ्याउभ्या वाचला असेल. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंतच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणाने, एका दमात मारलेल्या, आणि दुपारचे साडेतीनच वाजलेले असतात. मला त्याचा राग कधी आला नाही. घड्याळाच्या काट्यावर साफसफाई करायची ही मूळ कल्पनाच चुकीची आहे, कारण टॉयलेट घड्याळाने घाण होत नाही, माणसांनी होतं. व्हिजिटिंग अवर्समध्ये तासाभरात जितकी माणसं येऊन जातात तितकी पहाटे कित्येक तासांत येत नाहीत. आता काही ठिकाणी दाराच्या चौकटीवर इन्फ्रारेडचा सेन्सर असतो, तो नुसतं आत किती जण गेले ते मोजतो, चेहरा बघत नाही, आणि ठरावीक आकडा झाला की साफ करायचा निरोप पाठवतो. टिश्यूच्या डब्यातसुद्धा सेन्सर येतात, रोल संपत आला की आधीच कळवणारे. हे सगळं मला पटतं, उगाच कोरडी स्वच्छ फरशी पुन्हा पुन्हा पुसायची आणि गरज असते तेव्हा दुसऱ्या मजल्यावर असायचं, यातून निदान सुटका.

मग बटण तरी कशाला, सगळं सेन्सरनेच का नाही? मला वाटतं याचं उत्तर नाकात आहे. लघवीचा तो उग्र वास ताज्या लघवीला फारसा नसतो, फरशीच्या सांध्यांमध्ये मुरलेल्या लघवीतल्या युरियाचं जिवाणू हळूहळू अमोनियात रूपांतर करतात तेव्हा तो येतो, म्हणजे फरशी दिसायला लख्ख आणि वासाने नकोशी, असं होऊ शकतं. दुसरा एक वास असतो गटाराचा. कोपऱ्यात जाळी असते ना, तिच्याखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात जे पाणी साचून राहतं तेच गटारातला वायू वर यायचं थांबवतं. ते टॉयलेट फारसं वापरात नसेल, ते पाणी वाळलं, तर वास सरळ आत. मगभर पाणी ओतलं की बंद. पण हे ओळखायला कुणीतरी बाहेरून येऊन हुंगायला हवं, कारण नाक फार लवकर सरावतं, त्याच वासात काही मिनिटं राहिलं की तो येईनासा होतो. जी बाई तिथे सकाळपासून काम करतेय तिला तो वास खरंच येत नसतो. तिला आळशी म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं. वासाचे सेन्सर असतात, अमोनिया पकडणारे, पण आत्ताच दार उघडून आलेल्या माणसाचं ताजं नाक अजून तरी त्यांच्यापेक्षा बरंच काही ओळखतं. बटण त्या नाकासाठी आहे.

आईजवळ बसून मी या डब्यांबद्दल बरंच वाचत गेले, रात्री दुसरं काही सुचतही नव्हतं. आत काय असतं, तर बहुतेक वेळा एक नाण्यासारखी चपटी बॅटरी, सीआर२०३२ नावाची, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड म्हणून ते नाव, ३ व्होल्टची. काहींना तर बॅटरीच लागत नाही, बटण दाबताना आतलं चुंबक कॉइलजवळून सरकतं आणि त्या दाबण्यातून जी थोडीशी वीज होते तिच्यावरच एक रेडिओ निरोप जातो. निरोप म्हणजे काही बाइट्स फक्त: कुठली डबी, कुठलं बटण, बॅटरी किती उरली. पण टॉयलेट ही जागा रेडिओसाठी वाईट. टाइल्सच्या मागे पाण्याचे पाइप, धातूची पार्टिशनं, भिंतभर आरसा ज्याच्या मागे धातूचाच थर, आणि वायफाय ज्यावर चालतं त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात आणि माणसांच्या अंगात चांगल्याच शोषल्या जातात. म्हणून बऱ्याच सिस्टिम खालच्या पट्टीत बोलतात, भारतात ८६५ मेगाहर्ट्झच्या पुढे, युरोपात ८६८ च्या आसपास, अमेरिकेत ९१५ च्या आसपास. लोरा नावाचं तंत्र असंच, माहिती थोडीच जाते पण लांब जाते आणि बॅटरी कमी खाते. बाहेर कॉरिडॉरच्या छताला एक गेटवे असतो तो सगळ्या डब्यांचं ऐकतो आणि पुढे कम्प्युटरला सांगतो.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जुनी आहे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या बेटांवरची टर्मिनलं मुख्य कम्प्युटरला रेडिओने जोडली, त्याला अलोहानेट म्हणायचे. त्यात कुणी कुणाची परवानगी घ्यायची नाही, पाळी लावायची नाही, ज्याला सांगायचंय त्याने सांगून टाकायचं. दोघं एकदम बोलले तर दोन्ही निरोप एकमेकांत मिसळून वाया जातात, मग पोच येत नाही, आणि पोच आली नाही की थोडं थांबायचं, प्रत्येकाने वेगवेगळा वेळ, मनाला येईल तितका, आणि पुन्हा सांगायचं. लोरावॅनच्या, म्हणजे लोरावर उभारलेल्या नेटवर्कच्या, डब्या आजही साधारण याच पद्धतीने बोलतात. म्हणजे हॉस्पिटलच्या दोन मजल्यांवर दोन बायकांनी एकाच क्षणी बटणं दाबली आणि निरोप आदळले, तरी पोच मागायची सोय चालू ठेवली असेल तर डब्या आपापल्या थांबून पुन्हा बोलतील. रात्री दीडला हे वाचताना मला फार बरं वाटलं होतं. एवढीशी डबी, पण ऐकलं गेलं की नाही याची काळजी करते.

सगळ्या डब्या करतात असं मात्र नाही. हिरवा दिवा लागतो त्याचा अर्थ काय हे मी नंतर नीट समजून घेतलं आणि थोडी खट्टू झाले. काही डब्यांमध्ये तो दिवा फक्त एवढंच सांगतो की बटण दाबलं गेलं. निरोप गेटवेपर्यंत पोचला का, माहीत नाही. काहींमध्ये गेटवेची पोच आली की मगच लागतो, हे जास्त प्रामाणिक. पण कुणा माणसाने तो निरोप वाचला आणि ते निघालं, हे सांगणारा दिवा मी तरी कुठे बघितलेला नाही. आणि उलट्या बाजूला आणखी एक गोची असते. दिवसभर एखाद्या डबीतून काहीच आलं नाही, तर तिथे सगळं ठीक आहे म्हणायचं की तिची बॅटरी मेलीय? यासाठी चांगल्या सिस्टिममध्ये डबी अधूनमधून स्वतःहून "मी आहे" एवढंच कळवत राहते, ते आलं नाही की कुणीतरी जाऊन बघायचं. कम्प्युटरवर मेलेली डबी आणि चकचकीत टॉयलेट एकसारखंच दिसतं म्हणून ही सोय.

असंच एक उदाहरण, ब्रिटनमध्ये अपंगांच्या टॉयलेटमध्ये लाल दोरी लावायचा नियम आहे, मदत मागायला. तिला दोन कड्या असतात, एक बसलेल्या माणसाच्या हाताशी आणि दुसरी जमिनीपासून फक्त १०० मिलिमीटरवर, का तर पडलेल्या माणसाचा हात पोचावा. आणि लोक काय करतात, तर साफ करताना मध्ये येते म्हणून ती दोरी गुंडाळून वर बांधून ठेवतात. म्हणजे सिस्टिम चालू, तपासणीत पास, आणि खाली पडलेल्या माणसाला काही उपयोग नाही.

मावशींना विचारायचं ते राहूनच गेलं होतं.

एका दुपारी त्या जिन्याजवळ मॉप पिळत भेटल्या. मी विचारलंच, म्हटलं, मावशी, परवा बटण तुम्हीच दाबत होतात ना? त्या आधी जरा बिचकल्या, मी ऑफिसची वगैरे आहे का असं वाटलं असणार, मग आईचं नाव आणि खोली सांगितल्यावर मोकळ्या झाल्या. "मग काय करू ताई," म्हणाल्या, "रोल स्टोअरमध्येच नाहीये. सकाळपासून सुपरवायझरला सांगतेय. माझ्या सांगण्याची कुठे नोंद होते का? बटण दाबलं की कम्प्युटरवर टाइम पडतो. उद्या कुणी विचारलं रोल का नव्हता, तर दाखवायला काहीतरी पाहिजे ना माझ्याकडे." मी म्हटलं, पण ते मागणं तर तुमच्याच मशीनवर येत असेल? "येतं की," कमरेला लावलेलं छोटं यंत्र त्यांनी दाखवलं, "काम झालं की डबीला कार्ड लावून बंद करायचं असतं. ते मी बंद करत नाही. उघडंच ठेवते. उघडं राहिलं की लाल होतं, आणि लाल झालं की माझा नंबर खाली जातो महिन्याचा." मग? "जाऊ दे. खोटं कसं बंद करू? रोल आहे म्हणून कार्ड लावायचं आणि बाईमाणूस आत जाऊन बसणार."

मी काही बोलू शकले नाही. त्यांना पुढचा मजला होता, त्या गेल्या.

तेव्हापासून मला ही सिस्टिम दोन बाजूंनी दिसायला लागलीय आणि त्या दोन्ही जुळत नाहीत. आपल्यासाठी ती डबी म्हणजे न लाजता बोलायची सोय, आणि ती मला अजूनही मोलाची वाटते. पण ज्या बाईला सगळ्यात जास्त सांगायचं असतं, रोल नाही, फिनेल संपलं, फ्लशचा वॉल्व्ह गळतोय, तिच्यासाठी त्यात एकही बटण नाही, म्हणून ती आपल्यासारख्यांचंच बटण उसनं घेते आणि त्याची किंमत स्वतःच्या नंबरातून भरते. एकाच डबीवर एकीला फुकट बोलता येतं आणि दुसरीला दंड भरून. सिस्टिम विकणारे सांगतात की मागणी आल्यापासून किती मिनिटांत बंद झाली ते मोजता येतं. मोजा की. पण त्या मिनिटांत काय होतं तेही बघा. जंतुनाशक लावलं की ते पृष्ठभागावर काही मिनिटं ओलं राहावं लागतं, किती ते बहुतेक बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढा वेळ दिला नाही तर वास येतो, पण सगळे जंतू मरत नाहीत. आता जिचं काम सेकंदासेकंदाने लाल होतंय ती थांबेल का पुसायची? घाईत माणसं याहून वाईट करतात, कमोडमध्ये ॲसिडचा क्लीनर टाकलेला असतो, डाग जाईना म्हणून वरून ब्लीच ओततात, आणि ती दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद दाराच्या छोट्याशा खोलीत, खाली वाकलेल्या माणसाच्या तोंडावर. खोकत डोळे चोळत बाहेर येणारी माणसं मी बघितलीयत. त्यांचं काम वेळेत बंद झालेलं असतं.

फीडबॅकची हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची बटणं तर सगळ्यांनीच दाबली असतील, हॅपी-ऑर-नॉट ही त्यातली प्रसिद्ध कंपनी फिनलंडची, २००९ मध्ये सुरू झालेली. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर टॉयलेटबाहेर टचस्क्रीन असतात, त्यावर ड्युटीवरच्या कर्मचाऱ्याचा फोटो दिसतो आणि आपण टॉयलेट कसं होतं ते सांगायचं, वाईट म्हटलं तर कशामुळे ते विचारतात. त्या फोटोबद्दल माझं मत अजून ठरत नाहीये. एकीकडे बरं वाटतं, जिला कुणी बघत नाही तिचा चेहरा दिसला, नाव दिसलं, हात आपोआप चांगल्या बटणाकडे जातो. दुसरीकडे वाटतं की पाणी वरून बंद असेल, पाइप जुना असेल, रोल मागवणाऱ्याने मागवलेच नसतील, तरी रडका चेहरा जाऊन बसतो तो त्याच फोटोवर. पाइप टाकणाऱ्याचा फोटो तिथे कुणी लावत नाही. खरेदी मंजूर करणाऱ्याचाही नाही. मला कुणाला शिक्षा व्हावी असं म्हणायचं नाहीये, पण निरोप योग्य माणसाकडे जायला हवा एवढं तर आहे. हे काही अवघडही नाही, त्या काही बाइट्समध्ये कुठलं बटण ते असतंच. टिश्यूचं बटण दाबलं आणि स्टोअरमध्ये साठा शून्य असेल तर तो निरोप स्टोअरवाल्याला लाल दिसू दे. तुंबल्याचं बटण प्लंबरकडे जाऊ दे, बरोबरीने मावशींकडे, पण फक्त "फरशी बघा" म्हणून. आणि कार्ड लावताना "झालं" एवढा एकच पर्याय कशाला, "साहित्य नाही" असाही असू दे, जो दाबला की घड्याळ तिच्यावरचं थांबेल आणि दुसऱ्या कुणावर तरी सुरू होईल.

आईला घरी सोडायच्या आदल्या दिवशी मी मावशींना विचारलं होतं, तुम्हाला एक बटण वाढवून मिळालं तर कशाचं पाहिजे? मला वाटलं रोल म्हणतील किंवा प्लंबर. त्यांनी थोडा विचार केला, मॉपचा दांडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पाणी नाही, याचं," म्हणाल्या. "पाणी गेलं ना ताई, की पंधरा मिनिटांत सगळं होत्याचं नव्हतं होतं, आणि लोकं घाणीचं बटण दाबत बसतात, आणि मी कशाने धुणार?" त्या डबीवर पाण्याचं चित्र आहे, फरशीवर सांडलेल्या. नळाला नसलेल्याचं नाही.

डिस्चार्जच्या वेळी जो फॉर्म देतात त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी हे सगळं लिहून दिलं: पाणी नसल्याचं बटण, साहित्य नसल्याची नोंद, आणि लाल झालेलं प्रत्येक मागणं साफसफाईवाल्यांच्या महिन्याच्या नंबरात धरू नका म्हणून. मावशींचं नाव किंवा मजला लिहिला नाही, उगाच त्यांना त्रास नको. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म घेतला, शिक्का मारला, ट्रेमध्ये ठेवला. अजून काही उत्तर नाही. म्हणून आता तेच टाइप करून ईमेलने परत पाठवलंय, आणि या वेळी मेंटेनन्स आणि खरेदी खात्यालाही घातलंय.